पळणीचा पहिला वाटा

मद्रासच्या अयनावरममध्ये वेंकोबा रावांच्या घराला बेल आहे, पण त्यांच्या मित्रांनी ती कधी दाबलेली नाही. गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकलचा आवाज आला की राव आतल्या खोलीतून सांगत, "किट्टू आला. क्लच ओढतोय त्याचा." किंवा, "उदयसिंह दिसतो. चेन सैल झालीय, घाल काफी." राजसबाई दूध चुलीवर ठेवीत, आणि दूध तापेपर्यंत खरंच किट्टू नाहीतर उदयसिंह दारात उभा असे.

राव पेरांबूरच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. निवृत्तीला आता अकरा वर्षं झाली. माणूस तंजावरकडचा. घरची मराठी जुन्या वळणाची आणि निम्मी तमिळच्या पाण्यात भिजलेली. मुलं तमिळमध्ये भांडतात, इंग्रजीत हिशेबीपणे बोलतात, आणि देवाची आरती तेवढी मराठीत म्हणतात. रावांना त्याचं काही वाटत नाही. त्यांचं म्हणणं, यंत्राला कुठली भाषा असते? हात लावला की कळतं.

त्यांची स्वतःची बुलेट एकोणऐंशी सालची. लोखंडी इंजिनाची, उजव्या पायाच्या गियरची. दर रविवारी अंघोळ आणि पूजा उरकली की ते तिच्यापुढे पाट घेऊन बसत. आधी प्लग, मग पॉइंट, मग टॅपेट. टॅपेट गार इंजिनावरच बघायचं, हा त्यांचा सोवळ्याइतका कडक नेम. बाजूचं झाकण उघडायचं, आतला पुशरॉड दोन बोटांत धरायचा आणि फिरवून बघायचा. "जपमाळेचा मणी जसा फिरतो, तसा फिरला पाहिजे," ते सांगत. "अडखळला तर घट्ट. वरखाली हलला तर सैल. नुसता फिरला, तर बरोबर."

कृष्णकांत त्यांना भेटला तो ब्याण्णव साली, नुंगंबाक्कमला. नुकता साताऱ्याहून बँकेत बदलून आलेला. रस्त्याच्या कडेला बुलेटला लाथा घालत होता आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मद्रासच्या भर दुपारी असली ठणठणीत मराठी ऐकून राव थांबले.

"तोंड कशास विटाळता?" ते म्हणाले. "पाय कशास मोडून घेता? पॉइंट घासा की."

कृष्णकांत वळून बघतच राहिला. कमरेला पांढरी वेष्टी, कपाळाला गंध, पायात कारखान्याचे बूट, आणि तोंडात मराठी! "तुम्ही मराठी?"

"तुमच्यापेक्षा जुने," राव म्हणाले, आणि खिशातून कानस काढून खाली बसले.

त्या दिवसापासून तो कृष्णकांतचा किट्टू झाला. उदयसिंह मागाहून आला. मूळचा कागलचा, आवडी नावाच्या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यात नोकरीला. गणपतीच्या मंडपात कृष्णकांतशी ओळख झाली, आणि बुलेट असल्यामुळे आपोआप रावांच्या पाटापाशी येऊन पडला.

सत्त्याण्णव साली राजसबाई मोठ्या दुखण्यातून उठल्या. रावांनी पळणीच्या मुरुगनला, म्हणजे कार्तिकस्वामीला, नवस बोलला होता. तो फेडायला ते मोटरसायकलने निघाले तर दोघंही मागे लागले, आणि पुढे ती दर वर्षाची वारीच झाली. तैपूसमच्या जत्रेची गर्दी ओसरली की मासी महिन्यात, म्हणजे माघ-फाल्गुनात, निघायचं, त्रिचीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी दिंडिगलवरून पळणी. पहिल्या वर्षी निघतानाच रावांनी सांगून टाकलं, "तिघं जाऊ. नाहीतर कुणी नाही." त्यानंतर ज्या वर्षी कृष्णकांतची आई गेली, त्या वर्षी कुणीच गेलं नाही. रावांचा मोतीबिंदू निघाला त्या वर्षीही सगळे घरी बसले. बाकी एकही वारी चुकली नाही.

बायका मात्र कधी गेल्या नाहीत. कृष्णकांतची बायको विद्युलता पक्की साताऱ्याची. कार्तिकस्वामीचं दर्शन बाईने घेऊ नये, असं तिच्या आईने सांगितलेलं. राजसबाई हसून म्हणत, "इथं तो लहान पोर आहे गं, सगळ्या बायका कडेवर घेतील त्यास." विद्युलता तरी ऐकत नसे. पण प्रसादाला तिची ना नव्हती. पळणीचं पंचामृत आपल्या पंचामृतासारखं पातळ नसतं. केळी, गूळ, मध, तूप, वेलची घोटून केलेलं, दाट, काळपट, मुरंब्यासारखं. नवस राजसबाईंसाठी बोललेला, म्हणून डबा आधी रावांच्या घरी उघडायचा, पहिला वाटा राजसबाईंच्या देवापुढे ठेवायचा, आणि मग बाकीच्यांनी घ्यायचा, असं त्या तिन्ही घरांत ठरून गेलं होतं.

यंदा पोंगल झाल्यावर कृष्णकांत आणि उदयसिंह नेहमीप्रमाणे गाड्या घेऊन आले. रावांनी चार दिवस दोन्ही गाड्या उघडल्या. ब्रेक शूज बदलले, क्लचच्या प्लेटी धुतल्या, तेल बदललं. आता एकाहत्तराव्या वर्षी पाटावरून उठताना खांब धरावा लागतो, पण बोटं तशीच आहेत. शेवटी प्रत्येक गाडीच्या हत्यारांच्या पेटीत हिंगाचा एक पिवळा डबा गेला. हा डबा रावांची खास गोष्ट. हिंग संपला की राजसबाई तो घासून देत, आणि राव त्यात वाटेवरचं सामान भरत. एक कंडेन्सर, पॉइंटचा जोड, प्लग, चेनची कडी, क्लचची वायर गुंडाळून. सगळ्यात वर राजसबाईंची विभूतीची पुडी. त्यालाही एक नेम होता. वाटेत काही बदललं तर मेलेला भाग फेकायचा नाही, डब्यात परत ठेवायचा. म्हणजे घरी आल्यावर काय भरायचं ते कळतं.

राजसबाईंनी दोन्ही गाड्यांच्या दिव्यांना कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, लिंबू चिरडून गाड्या आपापल्या घरी गेल्या.

निघायला दोन आठवडे उरले असताना कृष्णकांतचा फोन आला.

"राव, यंदा राहू द्या. उदयसिंहची कंबर धरलीय. डॉक्टर म्हणाले, गाडीचं नाव काढायचं नाही."

"अय्यो! एवढी?"

"एवढी म्हणजे, खुर्चीतून उठवत नाही हो त्याला."

"शरी, असू दे. मग आपण दोघंही नाही. त्यास एकट्यास बसवून आपण जायचं, बरं दिसत नाही. तुझी गाडी उभी नको ठेवू हं. पेट्रोल साकळतं."

"छे छे. फिरवतो ना इथल्या इथे. अड्यार, बेसंटनगर."

रावांनी आपल्या बुलेटचं तेल बदलून ठेवलं होतं. त्यांनी तिला स्टँडवर घेतली आणि वरून जुनी चादर घातली. दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. मग स्वतःशीच म्हणाले, देवाला कंबर कळते. राजसबाईंनी निर्गुंडीचं तेल कढवून कुरियरने आवडीला पाठवलं, आणि उदयसिंहच्या कंबरेसाठी नऊ मंगळवार धरले. मंगळवार मुरुगनचा वार. सकाळी काही न खाता कोपऱ्यावरच्या देवळात जायचं, सहा तुपाचे दिवे लावायचे आणि घरी येऊन फक्त एकदाच जेवायचं. उदयसिंहला फोन केला की तो "हो वहिनी, जरा उतार आहे" एवढंच म्हणे आणि घाईने ठेवी. दुखण्याने माणूस असा होतो, असं त्या म्हणत.

तिसऱ्या मंगळवारी त्या देवळातून परतल्या तर दारात रिक्षा उभी आणि विद्युलता पैसे देत होती. हातात स्टीलचा डबा, पदराने झाकलेला.

"अगो, एवढ्या लांबून, एकटी?" राजसबाई म्हणाल्या.

"काय करू अक्का! आमच्या माणसाचं आज नेतो, उद्या नेतो चाललंय. दोन दिवस डबा कपाटावर. प्रसाद असा पडून राहू द्यायचा का? आणि तुमच्या देवापुढे ठेवल्याशिवाय मी तोंडात घालायची नाही. म्हटलं, आज मंगळवारच आहे, आपणच जावं."

ती आत आली, चप्पल काढून पाय धुतले, आणि डबा देवापुढे ठेवून झाकण उघडलं.

वास आधी आला. राव आरामखुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली. सत्तावीस वर्षं तो वास त्यांनी स्वतःच्या पेटीतून आणला होता. वेलची, केळं आणि तूप, आणि मागे किंचित जळका गूळ.

"भावजी, बरं वाटतंय ना आता?" विद्युलता म्हणाली. "तुम्ही यंदा नको म्हणालात, तर मला चैनच पडेना. हे म्हणाले, रावांनीच सांगितलंय, मला झेपत नाही, तुम्ही जाऊन या. किती मोठं मन! मी म्हटलं, पहिला वाटा तरी त्यांचा त्यांना वेळेवर पोचू दे."

राजसबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग रावांकडे. रावांनी पेपरची घडी घातली. एकदा घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"कोण कोण गेलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हे, उदयसिंह भावजी आणि आमचे जावईबापू. संकेतची ती नवीन गाडी आहे ना, मोठी. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसला तीच नेतो. त्याने किती छान चित्रीकरण केलंय! थांबा, दाखवते."

तिने फोन पुढे धरला. बिचारीच्या मनात काही असतं तर तिने दाखवलंच नसतं.

त्या एवढ्याशा काचेत हमरस्ता पळत होता. पुढे उदयसिंहची बुलेट, त्याच्या पुढे कृष्णकांतची. रावांनी न बघता ओळखलं, कारण आवाज येत होता. फार पळवत होते. मग पळणीच्या पायऱ्या आल्या. सातशेच्या घरात पायऱ्या, आणि उदयसिंह खांद्यावर उपरणं टाकून दोन दोन चढत होता. वर पोचून त्याने कॅमेऱ्याला दंड दाखवला.

राजसबाई पटकन म्हणाल्या, "कंबर..." आणि तिथेच थांबल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात पाणीदेखील नव्हतं.

मग रस्त्याच्या कडेला उभी कृष्णकांतची गाडी आली. बंद पडली होती. तो हत्यारांची पेटी उघडत होता. पिवळा डबा निघाला. विभूतीची पुडी त्याने दोन बोटांनी बाजूला सारली, कंडेन्सर काढला आणि बसवला. गाडी सुरू झाली. संकेतचा आवाज आला, "बाबा, हे सगळं कुठे शिकलात तुम्ही?"

कृष्णकांत हात पुसत हसला. "अरे, तीस वर्षं स्वतःच्या हाताने सांभाळलीय. हे बघ, टॅपेट कसं बघायचं दाखवतो." त्याने वाफाळत्या इंजिनाचं झाकण उघडलं, चटका बसला तसा हात झटकला, रॉड धरला, पाना लावून जरा फिरवला. "जपमाळेचा मणी जसा फिरतो ना, तसा फिरला पाहिजे. हे माझं गणित आहे."

"गरम इंजिनावर," राव हळूच म्हणाले.

"काय भावजी?"

"काही नाही, वहिनी."

राजसबाईंनी देवापुढचं पंचामृत चमच्याने उचललं आणि आधी रावांच्या पुढे धरलं. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. रावांनी उजवा तळवा पुढे केला, डोळ्यांना लावला आणि तोंडात घातलं. मग त्यांनी वेष्टीच्या टोकाने हात पुसले आणि विद्युलतेला विचारलं, "काफी घेणार ना? साखर अर्धीच लागते तुला."

तिला त्यांनी काही सांगितलं नाही. ती गेल्यावर राजसबाईंनी विचारलं, "मंगळवार कसे करू आता? सहा राहिलेत."

"देवास बोललीस ना? मग कर."

"कुणाच्या कंबरेसाठी करू?"

राव उठून बाहेर गेले आणि चादरीखालच्या गाडीपाशी जाऊन नुसतेच उभे राहिले.

शुक्रवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. राजसबाईंनी सवयीने दुधाचं भांडं चुलीवर ठेवलं. आतल्या खोलीतून काही ऐकू आलं नाही. कोण आलं, काय दुखतंय, काही नाही. मग बेल वाजली. इतक्या वर्षांत कृष्णकांतने ती पहिल्यांदाच दाबली.

"राव, इंजिनाच्या डोक्यात टकटक वाजतेय. जरा बघता का?" तो म्हणाला, चपला काढता काढता, नजर फरशीवर.

"तापलीय. गार होऊ दे. तास दीड तास."

हा जुनाच परिपाठ होता. गाडी गार होईपर्यंत काफी, रेल्वेच्या गोष्टी, बँकेच्या गोष्टी. आज दोघंही ओट्यावर बसले आणि समोरच्या घराच्या कोलमच्या रांगोळीकडे बघत राहिले. शेवटी कृष्णकांतच म्हणाला, "विद्या बोलली असेल."

"ती प्रसाद द्यायला आली होती."

"राव, तुमच्या तब्येतीसाठीच..."

"माझ्या तब्येतीस तू मला विचारलंस?"

कृष्णकांतचा एकदम बांध फुटला. "बरं, खरं सांगतो. संकेत म्हणाला, ऐंशीने गेलो तर एका दिवसात पोचू. तुम्ही पंचावन्नच्या वर जात नाही. दर साठ किलोमीटरला दहा मिनिटं थांबायचं, गाडी गार करायची. मागच्या वर्षी पेरंबलूरला दोन तास बसवून ठेवलंत. जावई पहिल्यांदा येणार, त्याला रजा दोन दिवसांची. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आम्हाला ऐंशीने जाऊ दिलं असतंत?"

"नसतं दिलं."

"मग!"

"आणि तरीही तू गेला असतास," राव म्हणाले. "मी मागून आलो असतो रे. दुसऱ्या दिवशी पोचलो असतो. पायरीशी बसला असतास थोडा वेळ, तर काय झालं असतं? ती दोन वर्षं सोडली तर सत्तावीस वर्षांत मी पळणीचा दिवा चुकवला नाही किट्टू. यंदा चुकला. कारण तिघं नाही तर कुणी नाही. मी एकटा इथं बसून ते पाळत होतो."

"उदयसिंहला वाईट वाटतंय फार."

"त्याच्या कंबरेस हिचे मंगळवार चाललेत अजून. सांग त्यास."

राजसबाई काफीचे डवरा-टंबलर ठेवून गेल्या. नेहमी त्या दारात उभ्या राहून चार शब्द बोलत. आज पाठमोऱ्या आत गेल्या.

इंजिन गार झालं. रावांनी हात लावून पाहिलं, मग आतून हत्यारांचा रोल आणला. हा रोल ते कुणाला हात लावू देत नसत. कृष्णकांतने एकदा पाना मागितला होता, तेव्हा "जानवं मागशील उद्या" असं म्हणून त्याला हसण्यावारी घालवलं होतं. आज त्यांनी रोल उलगडला, दोन पाने काढले आणि कृष्णकांतच्या हातात दिले. पाट त्याच्याकडे सरकवला.

"बस."

"मी?"

"तीस वर्षं स्वतःच्या हाताने सांभाळतोस ना? ऐकलं मी."

कृष्णकांतचा चेहरा उतरला. तो बसला. झाकण उघडलं. रॉड धरला, फिरवला, पाना लावला, पुन्हा फिरवला. एक रॉड जमला. दुसरा जास्त सैल झाला, मग घट्ट, मग पुन्हा सैल. कपाळावरून घाम गळू लागला. राव खांबाला टेकून उभे होते, दोन्ही हात पाठीमागे. त्यांची बोटं एकमेकांत घट्ट अडकलेली होती. राजसबाईंना खिडकीतून ती दिसत होती.

"बघा ना जरा," कृष्णकांत शेवटी म्हणाला.

"फिरतो?"

"फिरतो... वाटतं."

"मग लाव झाकण."

त्याने झाकण लावलं. राव पुढे आले, हत्यारांच्या पेटीतून पिवळा डबा काढला आणि उघडला. कंडेन्सरच्या जागी मेलेला कंडेन्सर कागदात नीट गुंडाळून ठेवलेला होता. तेवढा नेम त्याने पाळला होता. विभूतीची पुडी दुमडून कोपऱ्यात गेली होती. रावांनी डबा बंद केला आणि काखेत धरला.

"भरून देताय ना?" कृष्णकांतने विचारलं. "कंडेन्सर तेवढा..."

"तू इथल्या इथे फिरवतोस ना?" राव म्हणाले. "अड्यार, बेसंटनगर. त्यास डबा कशास?"

कृष्णकांतने राजसबाईंच्या खिडकीकडे बघितलं. कुंकू घेऊन कुणी बाहेर आलं नाही, चाकाखाली लिंबू आलं नाही. त्याने ॲमीटरच्या काट्याकडे बघून किक बेताने खाली आणली, रावांनी शिकवली होती तशी, आणि मारली. गाडी पहिल्या किकेला सुरू झाली.

ती गल्लीतून निघाली. टक, टक, टक. डावा रॉड सैल राहिला होता. अर्धा फेरा, जास्तीत जास्त पाऊण. बोटात धरला असता तर क्षणात जमला असता. राजसबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या. गाडी अजून कोपऱ्यावर पोचली नव्हती.

"ऐकू येतंय मलादेखील," त्या म्हणाल्या. "हाक मारा की."

रावांनी काखेतला डबा हातात घेतला. आवाज कोपऱ्यावर वळला, हमरस्त्याच्या गर्दीत शिरला, तिथेही त्यांना तो काही वेळ वेगळा ओळखू आला. मग आला नाही. त्यांनी विभूतीची पुडी काढून राजसबाईंच्या हातात दिली, आणि रिकामा करायला डबा घेऊन आत गेले.